चिक्कूच्या सहा पावत्या

पितळी स्क्रू. दर किलोला ४५०. एकूण ९०. सही वाचता येत नाही.

*

आठ दिवस झाले, एका बाईचा हात चुकतोय. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सुरी नेहमीच्या जागी टेकवते आणि मग नखभर पुढे सरकवावी लागते.

*

पिवळी लोकर. दर किलोला १२००. एकूण २४०. खाली शिक्का: उघडलेला माल परत घेतला जाणार नाही.

*

एक म्हातारा माणूस चहा ओतताना कपाच्या आत बोट धरतो. चटका बसला की ओतायचं थांबतो.

*

फलकावरची सूचना: शनिवारी सकाळी दहा वाजता तपासणी पथक येईल. सर्वांनी हजर राहावे. टेबले आवरलेली असावीत. ‘आवरलेली’च्या खाली दोन रेघा.

*

पिस्ते, सोललेले. दर किलोला २१००. एकूण ४२०.

*

खिडकीबाहेर कबुतरं. सोमवारी तीन होती. आता पंचवीस आहेत.

*

पेटीला बारा खण. बाराही भरलेले. तरी चोरी झालेली आहे.

५००

या ऑफिसात दुकानांचे काटे तपासतात. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, एक गॅलरी, पाच माणसं. दुकानदाराचं वजन खरं की खोटं हे ठरवायचं, तर आपल्यापाशी असं वजन हवं ज्याच्यावर शंकाच घेता येणार नाही. तशी बारा पितळी वजनं इथे मखमलीच्या पेटीत ठेवलेली असतात. तिला थोरली पेटी म्हणतात. थोरली खोलीबाहेर कधी जात नाही. दुकानांच्या फेरीला जाते ती धाकटी. तीही बारा वजनांचीच, पण रोज रस्त्यावरची धूळ खाणारी.

दोन्ही पेट्यांत दोनशे ग्रॅमची वजनं दोन-दोन. पाचशे, दोनशे, दोनशे आणि शंभर मिळून किलो व्हावा म्हणून. जुळी ओळखता यावीत यासाठी एकाच्या डोक्यावर टिंब कोरलेलं असतं.

गुरुवारी सकाळी, पथक येण्याआधीची खात्री म्हणून, साहेबांनी थोरली पेटी उघडली. चिमट्याने दोन्ही दोनशे उचलली आणि काचेच्या कपाटातल्या काट्यावर, समोरासमोरच्या पारड्यांत ठेवली. जुळ्या भावंडांत सुईने मधोमध थांबायला हवं.

सुई डावीकडे गेली आणि तिथेच राहिली.

त्यांनी वजनांची पारडी बदलली. सुई उजवीकडे गेली. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. दोन्हींपैकी एकाच्याही डोक्यावर टिंब नव्हतं.

“हे आपलं नाही,” साहेब म्हणाले. “हा कुणीतरी परका आणून बसवलाय.”

परका दोन ग्रॅमने हलका होता. शनिवारी पथकाच्या हाती तो लागला असता तर ऑफिसचा शिक्का जप्त झाला असता. मग दुकानांना खरं-खोटं सांगायला तोंड कुठलं उरणार?

थोरली पेटी ज्या कपाटात असे, त्याच्या किल्ल्या चौघांकडे होत्या. एक साहेबांकडे. एक मामांकडे, जे गेली तीस वर्षं फेरीवर जात आणि सगळ्यांचेच मामा होते. एक मेकॅनिककडे, ज्याला स्प्रिंग म्हणत, कारण खुर्चीला टेकला की तो लगेच उठे. आणि चौथी चिक्कूकडे.

चिक्कू म्हणजे अकरा महिन्यांपूर्वी लागलेली कारकून मुलगी. हे नाव तिने स्वतः कमावलं होतं. ती डबा आणायची, चहा ऑफिसचा प्यायची, पेन्सिल बोटांत धरता येईनाशी होईपर्यंत वापरायची. तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायची आणि जिचं दार आतून लावता येईल अशा स्वतःच्या खोलीसाठी पैसे साठवायची. दिवसाचा खर्च चाळीस. एकेचाळीस झाले तर दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस.

साहेबांनी चौघांचे ड्रॉवर सगळ्यांसमोर उघडले, पहिला स्वतःचा. चिक्कूच्या ड्रॉवरमध्ये सहा पावत्या निघाल्या. स्क्रू, लोकर, पक्ष्यांचे दाणे, पिस्ते, मेणबत्त्या, लिंबाच्या गोळ्या. गेल्या गुरुवारपासून कालपर्यंत, रविवार सोडून रोज एक.

“आठशे शहाऐंशी!” साहेबांनी बेरीज केली. “महिनाअखेरीला! आमच्या चिक्कूने! कुठून आले पैसे?”

“माझे साठवलेले आहेत.”

“एका आठवड्यात बावीस दिवसांचा खर्च? आणि त्याच आठवड्यात पेटीतलं वजन बदलतं?”



“हे बघ. तुझं नोकरीत कायम केल्याचं पत्र सही करून माझ्या टेबलात पडलंय. शनिवारी दहाच्या आत आपलं वजन या पेटीत आलं नाही, तर ते मी फाडीन आणि दुसरं पत्र पोलिसांना लिहीन. तोवर जेवणाच्या सुट्टीतही तू इमारतीबाहेर पडायचं नाहीस.”

“मी चोरलं नाही,” चिक्कू म्हणाली. बस, एवढंच.

मामा पुढे आले. “पोरी, तुझ्यासाठी मी शब्द टाकला होता. तो परत घ्यायला लावू नकोस मला.”

साहेबांच्या आवाजाने तिला काही झालं नव्हतं. या वाक्यावर मात्र तिने मान खाली घातली. 

“त्या पावत्या मला द्या,” दारातून कुणीतरी म्हणालं. “उद्या संध्याकाळपर्यंत.”

२००

ती टाचणीबाई. ऑफिसातलं पाचवं माणूस, आणि किल्ली नसलेलं एकमेव. फेरीच्या खर्चाच्या पावत्या तपासणं, टाचणी लावणं आणि बहुतेक नामंजूर करणं हे तिचं काम. सव्वीस वर्षांत तिने एकदाही काट्याच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

“बाई, तुम्हाला वजनांतलं काय कळतं?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही. माणूस कशावर पैसे घालवतो ते कळतं. किल्ली कधी कुणाला दिलीत?”

“मी? मी आंघोळीलासुद्धा किल्ली गळ्यात घालून जातो.”

“घरातल्या काय म्हणतात?”

“म्हणतात, निदान पुसत जा.”

स्प्रिंग त्याच्या टेबलापाशी उभाच होता. टेबलावर नवेकोरे पितळी स्क्रू चमकत होते.

“चिक्कूने दिले. माल चांगला आहे हो. पण मला सांगा बाई, चोरी करून कुणी मेकॅनिकला स्क्रू देईल का? गॉगल घेईल, मोबाईल घेईल.”

“तुझा हा गॉगल नवा दिसतोय.”

स्प्रिंग बसला आणि उठला. “मेहुण्याने दिलाय! विचारा त्याला!”

“विचारीन. दुरुस्तीची वही दाखव.”

वहीत गेल्या आठवड्यात एकच नोंद होती: धाकटी पेटी, दोनशेचं टिंबवालं वजन, वरची मूठ ढिली. आलं मंगळवारी, परत गेलं गुरुवारी. बाईने ती ओळ दोनदा वाचली.

मामा गॅलरीत चहा ओतत होते.

“मामा, गेल्या बुधवारची फेरी कशी झाली?”

“नेहमीसारखी. जुन्या बाजाराची गल्ली, नऊ दुकानं. अहवाल दिलाय की मी.”

“सगळीकडे किलोपर्यंत तपासलंत?”

“तीस वर्षांत अर्धवट तपासलेलं ऐकलंय का तुम्ही? काय विचारता बाई!” मामांनी बोट झटकलं आणि तोंडात घातलं. “भाजलं.”

बाईने एक पावती पुढे केली. “यावर काय लिहिलंय हो? माझा चष्मा राहिलाय आत.”

मामांनी कागद जवळ घेतला, लांब धरला, उजेडाकडे केला. “माझाही राहिलाय,” ते म्हणाले.

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

शेवटी चिक्कू. तिला बाईने आपल्या टेबलासमोर बसवलं आणि पिवळ्या लोकरीची लड मधे ठेवली.

“ही मला का दिलीस?”

“तुम्ही विणता ना.”

“मी टाचण्या टोचते. विणत नाही.”

“मग... रंग छान आहे.”

“पिस्ते?”

“सगळ्यांनी खाल्ले.”

“तू किती खाल्लेस?”

“एक. दुसरा घेणार होते, पण स्प्रिंगदादा वाडग्यापाशी उभाच होता.”

बाईला हसू आलं, ते तिने गिळलं. “घासाघीस केलीस?”

“म्हणजे काय! प्रत्येक ठिकाणी. लोकर तेराशेची होती, बाराशेवर आणली.”

“एवढी हुशार तू. मग थोडंथोडं का नाही घेतलंस? गोळ्या पन्नास ग्रॅम, पिस्ते पंचवीस. दर पाहिला, रक्कम पाहिली, मी भागाकार केला. साडेचारशे दराने नव्वद. बाराशे दराने दोनशे चाळीस. ऐंशी दराने सोळा. सगळीकडे उत्तर एकच येतं. स्क्रूही दोनशे ग्रॅम, दाणेही दोनशे ग्रॅम. दोनशेच का, मुली?”

चिक्कूने लोकरीची लड आपल्याकडे ओढली.

“हे शनिवारनंतर विचाराल का?”

“शनिवारनंतर तू इथे नसशील.”

“चालेल,” चिक्कू म्हणाली.

२००•

[हा भाग त्याच्या जागेवर नाही.]

१००

जिला एक रुमाल हरवला तरी चालत नाही, तिला नोकरी गेलेली चालेल? संध्याकाळी पाच वाजता बाईने टेबल रिकामं केलं आणि सहा पावत्या पत्त्यांसारख्या मांडल्या.

पहिली गोष्ट: सगळ्या हाताने लिहिलेल्या होत्या, एकही यंत्रातून निघालेली नव्हती. म्हणजे जिथे अजून दोन पारड्यांचा काटा आहे, जिथे दुकानदार पितळी वजन उचलून पारड्यात ठेवतो, अशीच सगळी दुकानं.

दुसरी: तिने मामांचा बुधवारचा अहवाल शेजारी ठेवला. हार्डवेअरवाला, लोकरवाला, दाणेवाला, सुकामेवा, मेणबत्त्या, गोळ्या. दुकानं तीच, क्रमही तोच. अहवालात त्यापुढे आणखी तीन होती: साबण, चहापत्ती, कपड्यांचे रंग.

चिक्कू खरेदी करत नव्हती. मामांच्या पावलावर पाऊल टाकून ती दुकानामागून दुकान पाहत चालली होती. दोनशे ग्रॅम माल मागितला की दुकानदार दोनशेचं वजन बाहेर काढतो. आणि तिला तेवढंच पाहायचं होतं. एरवी या ऑफिसातल्या माणसाने दुकानदाराची वजनं पाहायला मागणं म्हणजे सरकारी तपासणी. नोंद करा, कारण लिहा, सही करा. गिऱ्हाईकाला मात्र कुणी कारण विचारत नाही.

तिसरी: पहिली पावती गेल्या गुरुवारच्या दुपारची. दर गुरुवारी सकाळी थोरल्या पेटीतल्या वजनांवरची धूळ मऊ कुंचल्याने झटकायचं काम चिक्कूचं. म्हणजे टिंब नसल्याचं तिला साहेबांच्या आठ दिवस आधी दिसलं होतं.

मग ती गप्प का बसली?

बाईने दुरुस्तीची ओळ आठवली आणि कागदावर बेरीज मांडली. बुधवारी धाकटीतलं दोनशेचं एक वजन स्प्रिंगकडे होतं. उरली पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास, दोन वीस, दहा, पाच, दोन दोन आणि एक. सगळी मिळून नऊशे दहा.

नऊशे दहा ग्रॅममध्ये किलो तपासता येत नाही. आणि मामांनी नऊ दुकानांत किलो तपासला होता.

बाईने पेन्सिल खाली ठेवली. थोरल्या पेटीतलं वजन खोलीबाहेर कुणी नेलं ते तिला कळलं होतं. ते बदललं गेल्याचं नेणाऱ्याला स्वतःला माहीत आहे का, एवढंच कळत नव्हतं.

५०

शुक्रवारी सकाळी टाचणीबाईने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा काट्याच्या खोलीत पाय ठेवला.

“परका दाखवा.”

साहेबांनी हातमोजे घातले, चिमटा घेतला, झाकण उघडलं. बाईने त्यांच्या कोपराखालून हात घातला आणि वजन सरळ उचललं. मोजा नाही, चिमटा नाही. पाच बोटांनी.

“बाई! हात!” साहेब ओरडले. स्प्रिंग दोन पावलं मागे सरकला. “घाम लागतो! वजन वाढतं! तीस वर्षांत या खोलीत कुणी वजनाला बोट लावलेलं नाही!”

“हे खोटंच आहे ना? घामाने आणखी किती खोटं होणार?”

तिने वजन या बोटांतून त्या बोटांत फिरवलं. ते जरा निसटत होतं. तिने ते नाकापाशी नेलं. इथे सगळ्यांनी त्याच्याकडे भिंगातून पाहिलं होतं, चिमट्याने उचललं होतं, काट्यावर चढवलं होतं. कुणी हाताळलं मात्र नव्हतं, कारण हाताळायचं नाही हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात.

“नीलगिरी,” ती म्हणाली.

“काय?”

ती नळापाशी गेली आणि बोटं पाण्याखाली धरली.

बोटांवर फेस आला.

२०

“हिला मी बाहेर नेतेय. माझ्या जबाबदारीवर,” बाईने साहेबांना सांगितलं आणि चिक्कूला घेऊन जिना उतरू लागली. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबली.

“सातवं दुकान. साबणाचं. तू काल तिथेच पोचली असतीस.”

चिक्कूने कठडा धरला. “तुम्हाला कळलं?”

“बरंचसं. धाकटीतलं वजन दुरुस्तीला होतं, म्हणून मामांनी थोरलीतलं दोन तासांसाठी उसनं नेलं. साबणवालीकडे काटा तपासताना एका पारड्यात आपलं दोनशे, दुसऱ्यात तिचं. मग पारडी बदलून पुन्हा. अशीच करतात ना तपासणी?”

“हो. काट्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते कळायला.”

“त्या अदलाबदलीत तिचं वजन पेटीत आलं आणि आपलं तिच्या दुकानात राहिलं. घडण जुनी, पितळ तेच, फरक काय तो टिंबाचा. आणि टिंब मामांना दिसलं नाही. काट्याची सुईही दिसली नसणार, नाहीतर तिचं वजन हलकं आहे हे तिथल्या तिथे कळलं असतं. हे तू साहेबांना का सांगितलं नाहीस?”

“सांगितलं तर ते मामांना डोळे तपासायला पाठवतील. डोळे तपासले की फेरी बंद.” चिक्कूचा आवाज फाटला. “मला सगळं काम मामांनी शिकवलंय, बाई. फेरी बंद झाली तर ते काय करतील?”

“चहा पितील,” वरून आवाज आला. “बोट न भाजता.”

मामा वरच्या पायरीवर उभे होते. कधीपासून, कोण जाणे. ते सावकाश खाली आले, एकेका पायरीवर आधी पाय चाचपत, आणि शेवटच्या पायरीवर बसले.

“वजन नेलं ते मी. ते कबूल. परतही ठेवलं होतं मी, असं मला वाटत होतं.” ते चिक्कूकडे वळले. “आणि तुला मी चोर म्हटलं.”

“चोर नाही म्हणालात. शब्द परत घेईन म्हणालात.”

“तेच ते. आणि तू ऐकून घेतलंस?”

“मला वाटलं, आज-उद्या सापडेल. रोज एकच दुकान परवडत होतं, मामा. पिस्त्यांच्या दिवशी तर मी रडलेच.”

मामा हसले आणि मग त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

“चला,” ते उठत म्हणाले. “रस्ता मला पाठ आहे. दिसायचं काम तुम्ही दोघी करा.”

२००•

[हा भाग इथे सापडला.]

दुकान अरुंद. भिंतीला साबणाच्या लांब वड्या फळ्यांसारख्या टेकवलेल्या, हिरव्या, पिवळ्या, दुधी. काउंटरवर सुरी आणि दोन पारड्यांचा काटा.

“दोनशे ग्रॅम द्या,” चिक्कू म्हणाली. “नीलगिरीचा.”

“तीनशे किलो. साठ होतील.”

“पन्नास करा.”

“चिक्कू,” बाई दबक्या आवाजात म्हणाली, “आत्ता नको.”

साबणवालीने खणातून पितळी वजन काढून पारड्यात टाकलं. सुरी वडीवर टेकवली, तुकडा कापला, दुसऱ्या पारड्यात ठेवला. तुकड्याचं पारडं जरा वरच राहिलं. तिने जीभ चावली आणि नखाएवढी चकती कापून वर ठेवली.

“आठ दिवस झाले, हेच चाललंय. वीस वर्षं डोळे मिटून दोनशे ग्रॅम कापत होते मी. आता रोज कमी पडतं. नवरा म्हणतो, डॉक्टरला दाखव, हात कापत असतील तुझे.”

चिक्कू वाकली. वजनाच्या डोक्यावर, साबणाच्या पातळ थराखाली, मोहरीपेक्षा लहान एक टिंब होतं.

 तिने मामांचा हात धरला आणि त्यांचं बोट त्या टिंबावर ठेवलं.

मामांनी बोटाने ते चाचपलं. एकदा. दोनदा. मग ते साबणवालीला म्हणाले, “ताई, गेल्या बुधवारी काटा तपासायला आलो होतो तो मीच. चूक माझी आहे. हे वजन आमचं आहे, आणि तुमचं आमच्याकडे. तुमचं दोन ग्रॅम कमी भरतं. मी ते तेव्हाच पकडायला हवं होतं.”

“कमी? ते तर सासऱ्यांनी दुकानाबरोबर दिलेलं!” साबणवाली थबकली. “तरीच वजन हातात देताना हसले होते.”

“नवं घ्यावं लागेल. ते खोटं आता वापरता येणार नाही.”

“वापरते कशाला? पण थांबा. म्हणजे माझा हात बरा आहे?”

“उत्तम आहे,” मामा म्हणाले. “तो फक्त त्या वजनाला सरावलाय.”

साबणवालीने आपला हात उलटसुलट करून पाहिला, आणि मग आतल्या खोलीकडे वळून एवढ्या मोठ्याने हाक मारली की शेजारचा चहापत्तीवाला बाहेर आला. “अहो! ऐकलंत का? डॉक्टर-बिक्टर काही नाही!”

१०

स्पिरिटने धुऊन, कापडाने टिपून, चिमट्याने उचलून चिक्कूने वजन पारड्यात ठेवलं. समोर त्याचं जुळं. साहेब, स्प्रिंग, बाई आणि मामा काचेसमोर उभे. सुई डावीकडे गेली, उजवीकडे गेली, कमी कमी होत गेली.

“काय झालं?” मामांनी विचारलं.

“मधोमध,” स्प्रिंग म्हणाला. तो कधी नव्हे तो एका जागी स्थिर उभा होता.

मामांनी साहेबांना सगळं स्वतः सांगितलं, आधी उसन्या नेलेल्या वजनाचं, मग डोळ्यांचं. साहेबांनी मधे तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर ते चिक्कूकडे वळले.

“मला सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही विचारलंत, पैसे आले कुठून,” चिक्कू म्हणाली. “गेले कशासाठी, हे बाईंनी विचारलं.”

साहेबांनी टेबलाचा ड्रॉवर उघडला, पत्र काढलं आणि शनिवारची वाट न पाहता तिच्या हातात दिलं. तिने ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. मग घडी घातली, उघडलं आणि तिसऱ्यांदा वाचलं.

पथकासमोर मामांनी आपली चूक उभं राहून सांगितली. पथकाने दोन्ही दोनशे पुन्हा तोलली, मामांच्या नऊ दुकानांची तपासणी नव्याने करायला सांगितली, एक कडक शेरा लिहिला आणि शिक्का ऑफिसकडेच ठेवला. पथकाच्या प्रमुखाने जाता जाता मामांना एका डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर दिला. मोतीबिंदू होता. “दोन महिन्यांत टिंबं मोजाल,” डॉक्टर म्हणाले. तोवर धाकटी पेटी घेऊन चिक्कू जायची आणि मामा तिच्याबरोबर, हात मागे बांधून, चुका काढत.

टाचणीबाईने पावत्यांना टाचणी लावली. सहा जुन्या, एक साबणाची. फेरीचा खर्च म्हणून मंजूर, पिस्त्यांसकट. दाण्यांचे सोळा तेवढे नामंजूर: कबुतरं ऑफिसची नाहीत. त्या सोळांसाठी चिक्कू तिच्याशी अर्धा तास भांडली, आवाज चढवून, हातवारे करून, आणि गॅलरीत मामा आणि स्प्रिंग पैज लावून ऐकत उभे होते.

चिक्कूच्या नोकरीच्या चौथ्या दिवशी तिच्या चिमट्यातून थोरल्या पेटीतलं पाच ग्रॅमचं वजन फरशीवर पडलं होतं. नोंदवहीत, ‘कोणाकडून पडले’ या रकान्यात, मामांची सही आहे.